अडीच हात फिल्म

आमच्या गावच्या टॉकीजमध्ये तीस वर्षं सिनेमा दाखवणाऱ्या माणसाला गाव तोंडावर ऑपरेटर म्हणत असे आणि पाठ वळली की 'पहिलं रीळ' म्हणत असे. हे नाव कुणी वाईट मनाने ठेवलेलं नव्हतं. बोलणं कुठल्याही सिनेमाचं निघो, तो दोन वाक्यांत एका खुनाच्या सिनेमावर यायचा, आणि त्या सिनेमाच्याही फक्त पहिल्या रिळावर. टॉकीजसमोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसला, गळ्याभोवती फडकं बांधलं, की पहिलं रीळ सुरू. न्हावी म्हणायचा, "याची दाढी करताना मला घड्याळ लागत नाही. ती बाई जिना चढायला लागली की एक गाल संपतो, दारापाशी पोचली की दुसरा."

ऑपरेटरला दुसरं रीळ सांगता येत नसे, त्यालाही कारण होतं. टॉकीजच्या वरच्या खोलीत दोन मशिनं शेजारी शेजारी उभी होती. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं. मग संपलेलं रीळ काढायचं, टेबलावर चढवायचं आणि हाताने उलटं गुंडाळायचं. म्हणजे पहिलं रीळ तो भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून डोळे भरून बघे, आणि खाली लोक दुसरं रीळ बघत असताना हा पाठमोरा, दांडा फिरवत असे. पुढच्या रिळांना दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या बदलणं, मशीनला तेल देणं, काही ना काही निघायचंच. शेवट त्याला ठाऊक होता, पण तो लोक जिना उतरताना भांडत त्यावरून.

ते पहिलं रीळ असं होतं. पहाटेचा रस्ता. पाणी मारून नुकताच धुतलेला. एक किल्लीवाला दुकान उघडतो. समोर एक बाई येऊन उभी राहते. तिचे बूट दिसतात, हातमोजे दिसतात, तोंड दिसत नाही. रुमालात बांधलेली किल्ली ती काउंटरवर ठेवते. किल्लीवाला तशीच दुसरी घासून देतो. बाई चालायला लागते. एका जुन्या इमारतीत शिरते आणि जिना चढते. एकतीस पायऱ्या, आणि दिग्दर्शक एकही गाळत नाही. वर एक बंद दार. दाराबाहेर दुधाची बाटली, भरलेली. म्हणजे दूधवाला येऊन गेला तरी कुणी ती आत घेतलेली नाही. बाई बाटली बुटाने हळूच बाजूला सारते, नवी किल्ली काढते, कुलपाजवळ नेते. पुढच्या क्षणी ती आत उभी असते. दार बंद. खिडकीशी आरामखुर्चीत एक म्हातारा आपल्याकडे पाठ करून बसलेला. पडदा हलतो. इथे रीळ संपतं. नऊ मिनिटांत कुणी एक शब्द बोलत नाही. संगीतही नाही.

ऑपरेटर हे सांगायचा तेव्हा त्याच्या आवाजात खळ्यावर नवं धान्य दाखवणाऱ्या माणसाचा डौल असे. पण दारापाशी तो जरा घाईने पुढे जायचा. न्हाव्याला वाटायचं, वस्तरा गळ्याशी आला म्हणून.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती अडतीस वर्षांपूर्वीची होती.

सिनेमा नवा होता. पहिला आठवडा हाउसफुल गेला, पण बाल्कनीतल्या एका सावकाश बोलणाऱ्या गृहस्थांनी तक्रार केली, की पडद्यावर सगळं चिडीचूप असताना वरून मशीनची खडखड ऐकू येते आणि भीती वाटायची तिथे गिरणीत बसल्यासारखं वाटतं. ऑपरेटरला हे लागलं. दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दुपारी त्याने घरून बायकोची गोधडी आणली आणि मशीनच्या आणि खिडकीच्या मधल्या फटीत दाबून धरली. खडखड खरंच कमी झाली. आठ मिनिटं सगळं उत्तम चाललं. मग गोधडीचं एक टोक सुटलं आणि मशीनच्या दात्यात गेलं.

फिल्मची लांबी मोजायची असेल तर एक सेकंदाला एक हात धरावा, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. ऑपरेटरला मशीन बंद करायला अडीच सेकंद लागले. तेवढ्यात अडीच हात फिल्मच्या कडेची भोकं उसवून गेली आणि एक चौकट दिव्यापुढे अडकून जळाली. पडद्यावर जळणारी चौकट दिसली की लोक शिट्ट्या मारतात आणि ऑपरेटरचं नाव घेतात. ऑपरेटरने मुख्य बटण खाली ओढलं. पडदा, दिवे, पंखे, सगळं एकदम गेलं.

"लाईट गेली!" तो वरून ओरडला.

अंधारात गावाने वीजवाल्यांचा यथेच्छ उद्धार केला. तेवढ्यात त्याने दातांत टॉर्च धरून उसवलेला तुकडा कापला, दोन्ही टोकं खरवडली, चिकटवली आणि बटण वर केलं. साडेतीन मिनिटं. खाली कुणीतरी टाळी वाजवली, वीजवाल्यांसाठी.

फिल्मच्या प्रत्येक डब्यात एक कार्ड असायचं. रीळ कितवं, किती कापलं, कारण, सही. जिथे जिथे फिल्म कापली जाईल तिथल्या ऑपरेटरने ते भरायचं, असा नियम होता. त्याने कार्ड हातात घेतलं, बराच वेळ वाचलं आणि तुकड्याबरोबर चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, नोकरीला सहा महिने. माझ्या हातून फिल्म तुटत नाही, असं सांगून त्याने ती मिळवली होती.

संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की अडीच हातांबरोबर आणखी काहीतरी गेलं. पहिल्या आठवड्यात सिनेमा बघितलेले लोक म्हणत, "खून म्हाताऱ्याच्या पुतण्याने केला हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. तो कधी पकडला जातो, एवढंच बघायचं." दुसऱ्या आठवड्यातले म्हणत, "थापा मारू नका. तो पुतण्या शेवटी आभाळातून पडल्यासारखा येतो." न्हाव्याच्या दुकानात दोन सख्खे साडू यावरून महिनाभर बोलत नव्हते. दोघंही खरं बोलत होते.

कारण कापलेल्या तुकड्यात हात होता. किल्ली कुलपाला लागण्याआधीच दार आतून जरासं उघडतं, एक पुरुषी हात बाहेर येतो, तळवा वर करून, आणि बाई किल्ली त्या तळव्यावर ठेवते. एवढंच. मनगटाच्या बटणाजागी नुसता दोरा लोंबत असतो. पुढे सिनेमाभर पुतण्याच्या बाहीला ते बटण नसतं, पण हात बघितलेला नसेल तर बटणाकडे कोण बघतं?

हे आणखी एका माणसाला ठाऊक होतं. ऑपरेटरची बायको खाली तिकिटं द्यायची. पहिल्या आठवड्यात तिने सिनेमा उभ्याने दोनदा बघितला होता. शिवाय त्या दुपारी 'लाईट' गेली तेव्हा समोर न्हाव्याच्या दुकानातला पंखा मजेत फिरत होता, तोही तिने बघितला होता. घरी आल्यावर तिने गोधडीचं कुरतडलेलं टोक बघितलं, सुईदोरा घेतला आणि ठिगळ लावलं. विचारलं काही नाही. पण पुढे नवरा पहिलं रीळ सांगायला बसला आणि दारापाशी आला, की ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "तिथं हात होता." तो म्हणायचा, "तू गप बस." हे त्यांच्या घरातलं नेहमीचं होतं, पंख्याच्या आवाजासारखं.

सिनेमा देणारी कंपनी पुढे बुडाली, फिल्म परत मागायला कुणी आलंच नाही. नवा सिनेमा वेळेवर आला नाही की मालक म्हणायचे, "लावा आपला खून." असा तो दर वर्षी चार-सहा वेळा लागे. ऑपरेटरची एकुलती मुलगी त्या रिळावरच वाढली. डब्यांवर उभी राहून ती दुसऱ्या खिडकीतून बघायची आणि बाप तिला शिकवायचा. बाईचं तोंड का दाखवत नाही? एकतीस पायऱ्या कशाला? दुधाची बाटली काय सांगते? पोरगी सातव्या वर्षी चट्चट् उत्तरं द्यायची. एकच प्रश्न तो विचारत नसे, तो तिने स्वतः विचारला. "बाबा, ती दार कधी उघडते?"

"तेच दाखवत नाहीत," बाप म्हणाला.

"का?"

"विचार कर."

पोरीने तीस वर्षं विचार केला.

टॉकीज बंद पडली तेव्हा मालकांनी ऑपरेटरला भिंतीवरचं घड्याळ दिलं. खाली पितळी पट्टी होती: 'तीस वर्षांत एकदाही फिल्म न तुटल्याबद्दल.' ते घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडायचं. त्यानंतर शहरातल्या सिनेमा संग्रहालयाची दोन माणसं आली. त्या खुनाच्या सिनेमाची कुठेच प्रत उरलेली नव्हती, मूळ फिल्मही आगीत गेली होती. गावातल्या खोलीतली ही एकच. "पूर्ण आहे ना?" त्यांनी विचारलं. ऑपरेटरने घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यांनी पट्टी वाचली आणि वहीत 'पूर्ण' असं लिहिलं.

मग सिनेमा गाजला. एका मोठ्या प्राध्यापकांनी त्या दारावर चाळीस पानांचा लेख लिहिला. एकतीस पायऱ्या दाखवणारा दिग्दर्शक दार उघडणं मात्र गाळतो. ज्याची वाट बघायला लावली तेच चोरतो. गुन्हा पडद्यावर घडतच नाही, तो दोन चौकटींच्या मधे घडतो. दाराबाहेरून थेट खोलीत घेतलेल्या या उडीइतकी धाडसी उडी दुसरी नाही, असा लेखाचा शेवट होता. ऑपरेटरने तो लेख दोनदा वाचला आणि दुपारी जेवला नाही.

मुलगी शहरात सिनेमा शिकवते. अकरा वर्षं ती तात्पुरत्या जागेवर होती. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि दर पावसाळ्यात पुन्हा अर्ज. शेवटी एक कायमची जागा निघाली. समितीपुढे अर्धा तास शिकवून दाखवायचं होतं. तिने विषय निवडला पहिलं रीळ. मुलाखत मंगळवारी. रविवारी ती घरी आली, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि आईबापांना समोरच्या पलंगावर बसवलं.

"तुम्ही समिती," ती म्हणाली. "मधे बोलायचं नाही."

"समितीत चहा असतो का?" आईने विचारलं.

"नंतर."

पोरगी छान बोलत होती. बापाचीच वाक्यं होती, पण इस्त्री केलेली. पायऱ्या झाल्या, बाटली झाली. मग ती थांबली आणि म्हणाली, "आता माझा मुख्य मुद्दा. दार उघडणं दिग्दर्शक दाखवत नाही. का?"

"तिथं हात होता म्हणून," आई म्हणाली.

"आई! परवा माझी नोकरी आहे आणि तुझं अजून ते हाताचं?"

"मी बघितलाय तर काय सांगू, नव्हता म्हणून?"

ऑपरेटर उठला. त्याने आधी घड्याळाला चावी दिली, खरं तर सकाळीच दिली होती. मग स्टुलावर चढून कपाटावरचा चहाचा डबा काढला, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि लॅपटॉपशेजारी ठेवला.

"हे काय?"

"अडीच हात."

"कशाचे?"

"तुझी उडी आहे ती."

मुलीने झाकण उघडलं. आंबूस वास आला. फिल्म वाळक्या सालीसारखी वळली होती. ती खिडकीशी गेली, उजेडासमोर धरून एकेक चौकट बघत गेली. दार. फट. बोटं. तळवा. बटणाजागी दोरा. मधे एक जळकं भोक. शेवटच्या चौकटीपर्यंत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून बघू लागली.

"कुणी कापलं?"

"कात्री माझी."

"आणि दिग्दर्शक?"

"ते त्या दिवशी इथे नव्हते."

"बाबा, मी यावर प्रबंध लिहिलाय! समितीचे अध्यक्ष कोण आहेत माहितीये? तो चाळीस पानांचा लेख ज्यांचा आहे ते! आणि हे मला आज सांगताय?"

ऑपरेटर पलंगाच्या कडेवर बसला. "परवा तू माझी कात्री हातात घेऊन उभी राहणार होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, आधी दाखवावी."

"झाकायचं असेल तर झाक," आई म्हणाली. "अडतीस वर्षं मी झाकलंय. तीनदा घर बदललं, दर वेळी हा डबा मी मांडीवर घेऊन आले. मला काही झालं नाही."

"आई, तुला माहीत होतं?"

"गोधडी माझी होती."

मुलीने लॅपटॉप बंद केला. तिला रडू येत होतं की हसू, हे तिचं तिला ठरवता येईना, म्हणून ती पाणी प्यायली. झाकून ठेवलं असतं तर नोकरी बहुतेक हातात होती; अध्यक्षांच्याच लेखावर ती बोलणार होती. उघड केलं तर अध्यक्षांच्या चाळीस पानांवर गोधडी टाकावी लागणार होती. ती खोलीत चार फेऱ्या मारून आली आणि बापासमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी.

"पहिल्या आठवड्यात तुम्ही हात दाखवलात. लोक काय करायचे?"

ऑपरेटरला हा प्रश्न अडतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. तो सावरून बसला.

"आपल्या खुर्च्या लाकडी होत्या. माणूस हलला की करकरायच्या. वर मला तोंडं दिसत नसत, खुर्च्या ऐकू यायच्या. पहिल्या आठवड्यात हात बाहेर आला की सगळ्या खुर्च्या गप्प. रीळ संपलं तरी गप्प. खाऊच्या पुड्या हातातच राहायच्या. मध्यंतरात झाडायला गेलं तर खाली कागद नाही. दुसऱ्या आठवड्यापासून, उडी आली की तीनशे खुर्च्या एकदम करकरायच्या. लोक दचकायचे. आणि दचकून झालं की पुन्हा पुड्या सोडायचे." तो पुढे म्हणाला, "दचकलेला माणूस लगेच सावरतो, पोरी. हात बघितलेला माणूस सावरत नाही. त्याला कळलेलं असतं की आत म्हाताऱ्याशिवाय आणखी कुणीतरी आहे, आणि बिचारी खोली त्याला सांगत असते की कुणी नाही."

मुलीने आईकडे न बघता हात पुढे केला. आईने त्यात पेन ठेवलं.

मंगळवारी ती बापाला बरोबर घेऊन गेली. तो डबा त्याने कुणाच्या हातात दिला नसता. बाहेरच्या बाकावर तो डबा मांडीवर घेऊन बसला. शिपायाने दोनदा विचारलं, जेवणाची वेळ झाली का. आत मुलीने तेच रीळ दोन्ही तऱ्हांनी सांगितलं. एकच खोली, एकच फिल्म, तेच गाव. एका आठवड्यात हात आहे, दुसऱ्यात नाही, आणि खुर्च्यांनी काय सांगितलं. अध्यक्षांचा चेहरा कसा होत गेला हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, याला आधार काय? तिने दार उघडून बापाला आत बोलावलं.

अध्यक्षांनी तुकडा दिव्यासमोर धरून बघितला. "हे तुम्ही जाणूनबुजून कापलंत?" त्यांच्या आवाजात थोडी आशा होती.

"नाही साहेब. गोधडी अडकली."

चाळीस पानांत गोधडीचा कुठे उल्लेख नव्हता.

"म्हणजे त्या उडीला काही अर्थच नाही?"

"आहे की," ऑपरेटर म्हणाला. "इतकी वर्षं लोक दचकतायत. फक्त तो दिग्दर्शकांचा नाही, एवढंच."

दीड महिन्याने पत्र आलं. जागा तिला मिळाली, दोन विरुद्ध एक मतांनी. ते एक मत अध्यक्षांचंच असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ते दुसऱ्याच सभासदांचं निघालं. मुलाखतीला वडिलांना आणणं नियमात बसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पत्र आलं त्याच दिवशी ऑपरेटरने घड्याळ भिंतीवरून उतरवलं आणि परत करायला मालकांच्या घरी नेलं. मालक आता फारसे उठत नसत.

"हे माझं नाही," ऑपरेटर म्हणाला. "माझ्या हातून फिल्म तुटली होती. लाईट गेली नव्हती."

"माहितीये," मालक म्हणाले. "मी त्या दुपारी न्हाव्याकडे पंख्याखाली बसलो होतो."

"मग हे का दिलंत?"

"दुसरं काय देणार होतो? खुर्च्या विकल्या होत्या. ने ते परत, मला आवाजाने झोप लागत नाही."

तेव्हा घड्याळ पुन्हा त्याच खिळ्यावर आलं. संग्रहालयाला तुकडा हवा होता, पण त्याबरोबर लेखी कागदही हवा होता. ऑपरेटरने डब्यातलं जुनं कार्ड काढलं. रीळ: पहिलं. कापलं: अडीच हात. कारण या रकान्यात त्याने 'गोधडी' लिहिलं आणि खाली सही केली. बायकोने चष्मा लावून वाचलं आणि तारीख दुरुस्त करून दिली.

जोडलेला सिनेमा संग्रहालयात दुपारच्या वेळी दाखवला. साठ चौकटींपैकी एकोणसाठ बसल्या होत्या. ऑपरेटर आयुष्यात पहिल्यांदा खाली, खुर्चीत बसला होता, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगी. वर मशीन नव्हतंच, त्यामुळे खडखडही नव्हती, आणि त्याला जरा चुकल्यासारखं होत होतं. रस्ता, किल्लीवाला, बूट, एकतीस पायऱ्या. बाटली सरकली. किल्ली कुलपाजवळ गेली आणि हात बाहेर आला.

तिथल्या खुर्च्या गादीच्या होत्या, करकरत नव्हत्या. काही कळेना. म्हणून त्याने मान वळवून मागे बघितलं. कुणीही हलत नव्हतं. एका बाईने पाण्याची बाटली तोंडाजवळ नेली होती, ती तिथेच राहिली होती.

"हात," बायको म्हणाली. पडद्यावर सगळं चिडीचूप होतं, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

म्हाताऱ्याची पाठ दिसली, पडदा हलला. नऊ मिनिटं झाली. ऑपरेटर उठून उभा राहिला आणि अंधारात जिना शोधू लागला. बायकोने त्याचा सदरा मागून धरला.

"बसा आता," ती म्हणाली. "दुसरं रीळ बघा."